लोहाराचा पोरगा आणि चार कार्ब्युरेटर

लेण्याद्रीला जाताना गोळेगावच्या अलीकडे आमच्या दादाचं गॅरेज लागतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. अष्टविनायकाच्या गाड्या, नारायणगावला टोमॅटो घेऊन जाणारे पिकअप, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली, हे त्याचं रोजचं गिऱ्हाईक. गॅरेजच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एक गिरिजात्मजाचा. दुसरा एका छोट्याशा लाल, उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीचा. पहिल्या फोटोला रोज हार असतो. दुसऱ्याला नसतो, पण पुसला तोही रोज जातो.

ती गाडी म्हणजे होंडा एस ८००. सन १९६६ ते १९७० या काळात बनलेली जपानी स्पोर्ट्स कार. अशी एक गाडी विकत घ्यायची, हे दादाचं अकरा वर्षांचं स्वप्न. घरच्यांच्या मते हे खूळ. आईच्या मते तर लग्न न ठरण्याचं एकमेव कारण!

मीही हसायचो. मागच्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले, एटीकेटी लागली, आणि तोंड लपवायला मी सुट्टीत दादाच्या गॅरेजवर जाऊन बसलो. तिथे पाने पुसता पुसता त्याच्याकडून एका माणसाची गोष्ट ऐकली, मग स्वतः वाचून काढली. तीच इथे सांगतोय. त्या माणसाचं नाव सोइचिरो होंडा.

फोर्डच्या मागे पळणारा मुलगा

जपानमधल्या हामामात्सुजवळ कोम्यो नावाचं खेडं होतं. तिथे १७ नोव्हेंबर १९०६ रोजी सोइचिरोचा जन्म झाला. वडील गिहेई लोहार, आई मिका विणकाम करायची. भात्याजवळ खेळतच पोरगं वाढलं. पुढे वडील सायकली दुरुस्त करायला लागले. शाळेत याचं मन कधी रमलं नाही.

एक दिवस गावात फोर्डची मॉडेल टी आली. सोइचिरोने आयुष्यात पाहिलेली ही पहिली मोटार. धूळ उडवत गाडी निघाली आणि हा मागे धावत सुटला. गाडी थांबलेल्या जागी रस्त्यावर ऑईल सांडलं होतं. त्याने खाली वाकून त्याचा वास घेतला. तो वास म्हातारपणापर्यंत त्याच्या लक्षात राहिला. १९१७ मध्ये हामामात्सुला विमानाच्या कसरती होत्या. हा वडिलांची सायकल गुपचूप घेऊन वीसेक किलोमीटर गेला. सायकल मोठ्या माणसाची आणि हा दहा वर्षांचा. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून झाडावर चढून विमान पाहिलं.

१९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो टोकियोतल्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. लागला म्हणजे काय, तर पहिले काही महिने मालकाचं मूल पाठीवर बांधून सांभाळत होता. इंजिन दुरून बघायचं आणि पोर रडलं की बाहेर जायचं. (फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फक्त फाईल लिहिणाऱ्या दोस्तांना हे दुःख कळेल.) पुढच्याच वर्षी टोकियोत मोठा भूकंप झाला, आणि त्यानंतर त्याला खरं काम मिळालं. मालक युझो साकाकिबारा शिकवणारा माणूस होता. त्या गॅरेजने कर्टिस विमानाचं जुनं इंजिन बसवून एक रेसची गाडी बनवली. १९२४ मध्ये ती शर्यत जिंकली, तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिक म्हणून नुकताच अठरा वर्षांचा झालेला सोइचिरो बसला होता.

१९२८ मध्ये मालकाने त्याला हामामात्सुला शाखा काढून दिली. गॅरेज उत्तम चाललं. पण वेगाचं वेड जात नव्हतं. १९३६ मध्ये स्वतः बनवलेली गाडी घेऊन तो तामागावाच्या शर्यतीत उतरला आणि भयंकर अपघात झाला. शेजारी बसलेला धाकटा भाऊही जबर जखमी झाला.

पन्नासातले तीन

त्यानंतर होंडा पिस्टन रिंगच्या मागे लागले. दुरुस्ती पुरे, आता काहीतरी बनवायचं, हे डोक्यात. दिवसरात्र भट्टीपाशी बसून रिंग ओतल्या, पण जमेना. शेवटी हामामात्सुच्या तांत्रिक शाळेतल्या प्राध्यापकांकडे रिंग नेली. तपासणीत कळलं की तिच्यात सिलिकॉनच कमी आहे. इतकी वर्षं इंजिनं हाताळलेल्या माणसाला ही साधी गोष्ट ठाऊक नव्हती.

इथे मी पहिल्यांदा थबकलो. आपल्यासारख्याला वाटलं असतं, मेटलर्जी आपल्याच्याने होत नाही, सोडा. या माणसाने तिशी गाठलेली असताना, चालतं गॅरेज असताना, त्याच शाळेत जाऊन पोरांच्या बाकावर बसायला सुरुवात केली. तासाला बसायचा, पण आपल्या कामाचं तेवढंच ऐकायचा. परीक्षेला बसला नाही. प्रमाणपत्राची त्याला गरजच वाटली नाही.

तरी पहिल्या मोठ्या खेपेतून निवडून टोयोटाकडे पाठवलेल्या पन्नास रिंगांपैकी तीनच पास झाल्या! तीन! पुढे देशभरच्या कारखान्यांत जाऊन ते काम शिकले आणि मगच माल मान्य झाला. युद्धात बॉम्बहल्ल्यात एक कारखाना गेला, जानेवारी १९४५ च्या भूकंपात दुसरा पडला. उरलेला व्यवहार त्यांनी टोयोटाच्या मंडळींना विकून टाकला आणि जवळजवळ वर्षभर काहीच केलं नाही.

सायकलला इंजिन

युद्धानंतर जपानमध्ये गाड्या नव्हत्या, पेट्रोल नव्हतं, गच्च भरलेल्या रेल्वेत शिरायला जागा नव्हती. ऑक्टोबर १९४६ मध्ये होंडांनी सैन्याच्या वायरलेस सेटची छोटी जनरेटर इंजिनं मिळवली आणि ती सायकलला जोडली. पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण गरम करायची पाण्याची बाटली वापरली. चाचणीला गाडी चालवली त्यांच्या पत्नीने, साची यांनी. लोकांच्या रांगा लागल्या.

२४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ९८ सीसीची पहिली खरी मोटारसायकल आली, तिचं नाव ड्रीम. त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा हे व्यवहार सांभाळणारे भागीदार आले. कारखाना होंडांचा, पैसा आणि विक्री फुजिसावांची. ही वाटणी शेवटपर्यंत टिकली. १९५८ ची सुपर कब तर जगात सगळ्यात जास्त बनलेली मोटारगाडी ठरली. २०१७ पर्यंत तिची संख्या दहा कोटींवर गेली होती.

आपल्याकडे या माणसाचं नाव १९८४ मध्ये पोचलं. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आणि दिल्लीकडची हिरो होंडा, दोन्ही कंपन्या त्याच वर्षीच्या. आमच्या आजोबांच्या हिरो होंडावर दुधाचे दोन कॅन असायचे. जगप्रसिद्ध इंजिनावर आपण डेअरीला जातोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सरकार नको म्हणालं तेव्हा

आता दादाच्या फोटोतल्या गाडीकडे येऊ. १९६१ च्या सुमारास जपानच्या व्यापार आणि उद्योग खात्याने ठरवलं की मोटारी बनवणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ झाल्या. आहेत त्यांचेच गट करायचे, नव्या कुणाला शिरू द्यायचं नाही. होंडांची कंपनी फटफट्या बनवणारी. कायदा झाला असता तर मोटारीचं दार कायमचं बंद. होंडा अधिकाऱ्यांशी अक्षरशः भांडले. पण नुसतं भांडत बसले नाहीत. कायदा येण्याआधी मोटार रस्त्यावर आणायची, म्हणजे आम्हीही मोटारवाले असं दाखवता येईल, अशी धावपळ सुरू झाली. गाडी लाल हवी होती, तर जपानमध्ये लाल रंग अग्निशामक गाड्यांसाठी राखीव. त्यासाठीही वर्तमानपत्रातून जाहीर वाद घातला आणि लाल रंग मिळवला.

ऑगस्ट १९६३ मध्ये टी ३६० हा छोटा ट्रक आला, ऑक्टोबरमध्ये एस ५०० ही स्पोर्ट्स कार. गाडीची किंमत ओळखा अशी स्पर्धा वर्तमानपत्रांतून घेतली होती. उत्तर होतं ४ लाख ५९ हजार येन. तो कायदा शेवटी संसदेत पास झालाच नाही. पण गाडी झाली. पुढे तिचीच एस ६०० आणि मग एस ८०० झाली.

मेकॅनिकलवाल्यांनी हे जरा नीट वाचा. एस ८०० चं इंजिन ७९१ सीसीचं, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे चार कार्ब्युरेटर, ८००० आरपीएमला ७० हॉर्सपॉवर. त्या काळच्या आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि ताकद पन्नासच्या आसपास. सुरुवातीच्या गाड्यांत मागच्या चाकांना शक्ती चेनने मिळते. प्रत्येक चाकाला स्वतंत्र, ऑईलने भरलेली चेनपेटी, आणि तीच पेटी सस्पेन्शनचा हातही. फटफटीवाल्याचं डोकं ते!

दादाचा शोध

जुनी एस ८०० घ्यायची तर काय बघायचं, हे दादाने मला पाठ करून दिलंय. आधी चेनपेटी गळते का ते बघ. मग खाली झोपून फ्लोअर आणि सिलला गंज किती ते बघ. पॉलिशला भुलू नकोस. क्रँकला साधे बुश नाहीत, रोलर बेअरिंग आहेत, आवाज आला तर हात जोडून परत ये, कारण ती दुरुस्ती गाडीच्या किमतीला भिडते. चारही कार्ब्युरेटर एका सुरात चालले पाहिजेत. आणि स्टिअरिंग बदलायला नको, जपानही आपल्यासारखंच उजव्या बाजूचं.

पण बघायला गाडी तर पाहिजे! भारतात अशी गाडी शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. बाहेरून आणायची तर व्हिंटेज म्हणून सवलत होती ती फक्त १९५० च्या आधीच्या गाड्यांना, आणि होंडाची पहिली मोटारच १९६३ ची. २०२५ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट खुली झाली. त्या दिवशी दादाने गॅरेजवर पेढे वाटले. मग ड्यूटीचा हिशेब केला. गाडीपेक्षा ड्यूटीच जास्त. पेढे सगळ्यांनी खाल्ले होते, ते काही परत घेता येईनात.

चूक कबूल करणारा मालक

होंडा देवमाणूस होते असं समजू नका. कारखान्यात ते रागाच्या भरात पाना फेकून मारत. १९६५ मध्ये मेक्सिकोला त्यांच्या गाडीने पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली, आणि त्यानंतर त्यांचा एक हट्ट पक्का होत गेला : इंजिन हवेनेच थंड करायचं, पाण्याने नाही. १९६८ मध्ये फ्रान्सच्या रुआँ इथे त्यांची एअर कूल्ड रेस कार उलटून पेटली आणि जो श्लेसर हा ड्रायव्हर जागीच गेला. तरी पुढच्या वर्षीची मोटार एअर कूल्डच निघाली. ती जड झाली, महाग पडली, चालली नाही.

तरुण इंजिनिअर पाण्यासाठी अडून बसले. शेवटी फुजिसावांनी होंडांना एकच विचारलं, तुम्ही कंपनीचे अध्यक्ष आहात की इंजिनिअर? होंडांनी अध्यक्ष हे उत्तर निवडलं आणि हट्ट सोडला. त्याच तरुणांनी १९७२ मध्ये सीव्हीसीसी हे कमी धुराचं इंजिन तयार केलं, आणि अमेरिकेचे जे नियम मोठमोठ्या कंपन्या अशक्य म्हणत होत्या ते पाळून दाखवले. होंडांना यात अमेरिकन कंपन्यांना गाठायची संधी दिसली. पोरांनी सांगितलं, आम्ही हे कंपनीसाठी नाही, लोकांच्या हवेसाठी करतोय. हे ऐकून आता आपली थांबायची वेळ झाली, हे त्यांना कळलं. १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघे एकदमच निवृत्त झाले. खुर्ची मुलाला दिली नाही.

मग त्यांनी देशभरातल्या आपल्या कारखान्यांना आणि दुकानांना भेटी दिल्या, प्रत्येकाशी हात मिळवायला. एका कामगाराचा हात ऑईलने भरला होता, त्याने तो मागे घेतला. होंडांनी तोच हात पुढे ओढून धरला आणि वास घेतला. कोम्योच्या रस्त्यावर वाकलेलं पोरगं तेच होतं. ५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. मोटारी बनवणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेने रस्ते तुंबायला नकोत, म्हणून कंपनीचा मोठा सोहळा करू नका, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

एक आला, तीन बाकी

सुट्टी संपताना दादाकडे एक पार्सल आलं. जपानहून. आत एस ८०० चा एक कार्ब्युरेटर, जुना, काळवंडलेला. एवढ्या वर्षांच्या शोधातली ही पहिली खरेदी. गाडी नाही, तर गाडीचा एक तुकडा. काकांनी विचारलं, बाकीची गाडी कुठाय? दादा म्हणाला, येतेय. त्याने तो खोलला, रॉकेलमध्ये धुतला, जेट साफ केले आणि गिरिजात्मजाच्या फोटोखाली फळीवर ठेवला.

संध्याकाळी आम्ही लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर बसलो. खाली कुकडीचं खोरं. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची दानं नोंदलेली आहेत. म्हणजे हाताने काम करणाऱ्यांचं नाव या डोंगरांत दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोरलं गेलंय. मी दादाला विचारलं, गाडी नाहीच मिळाली तर? तो म्हणाला, पन्नासातल्या तीन रिंगा आठव. आणि तुझे विषय किती राहिलेत म्हणालास?

दोन. फक्त दोनच, दोस्तांनो. फॉर्म भरलाय.