कोल्हापूरचे बाबूराव पेंटर

ज्या गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे त्यांच्या घराण्याचे आडनाव मेस्त्री असे होते. पेंटर हे नाव त्यांस पुढे धंद्यावरून मिळाले, आणि ते इतके रूढ झाले की मूळ आडनाव लोकांच्या स्मरणात राहिले नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर शहरी झाला. शाळेचे शिक्षण त्यांस थोडेच लाभले. चित्रकला ते कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. तरी वयाच्या तिशीच्या आत पश्चिम हिंदुस्थानातील नामांकित पडदे रंगविणाऱ्यांत त्यांची गणना होऊ लागली, व तिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या कारखान्यात बनविलेल्या यंत्राने चित्रपट काढून दाखविला. हे कसे घडले ह्याचा विचार करू लागल्यास आपणांस त्यांच्या गावाकडेच वळावे लागते.

कोल्हापूर हे नाव आमच्या मंडळ्यांस अपरिचित नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब १८५२ मध्ये तेथे गेले, तेव्हापासून त्या गावाचा व आमचा संबंध आहे. परंतु बाबूरावांच्या बाळपणी तेथे जे दृष्टीस पडत होते ते आपण थोडे पाहू. पंचगंगेच्या काठी वसलेले ते शहर. मध्ये अंबाबाईचे जुने कोरीव देऊळ. गावाबाहेर १८७७ ते १८८४ ह्या काळात बांधलेला काळ्या दगडाचा नवा राजवाडा. १८९४ मध्ये शाहू छत्रपती गादीवर बसले. त्यांना कुस्तीचा, गाण्याचा व नाटकाचा मोठा शोक होता, आणि मागासलेल्या जातींचे लोक पुढे यावेत ही त्यांची इच्छा तर सर्वांस ठाऊकच आहे. अल्लादियाखाँसारखे गवई दरबारी होते. आबालाल रहिमान नावाचे थोर चित्रकार ह्याच गावचे. रंकाळ्याची व नदीकाठची चित्रे ते रंगवीत असत. म्हणजे ज्या मुलास डोळे होते त्यास पाहण्याजोगे पुष्कळ होते. मात्र नुसते पाहून कोणी कारागीर होत नाही, त्यास हत्यार हाती धरावे लागते.

ते हत्यार बाबूरावांस घरीच मिळाले. वडील कृष्णराव हे सुतारकामात व लोहारकामात निष्णात असून चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, हस्तिदंतावर कोरीव काम करणे हेही त्यांस येत होते. आज आपण ह्या निरनिराळ्या विद्या समजतो व प्रत्येकीसाठी निराळी शाळा शोधतो. त्या घरी तसा भेद नव्हता. लाकूड, लोखंड, माती आणि रंग हे चारही पदार्थ एकाच छपराखाली होते, व एक काम अडले तर दुसऱ्याच्या मदतीने ते सोडवावयाचे अशी तेथील रीत होती. आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ सुतार-लोहारांची मुले आपल्या बापाचा धंदा सांगावयास लाजतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाबूरावांनी पुढे जे जे केले त्यातील बहुतेकांचे बीज ह्या मेस्त्रीच्या कारखान्यात होते.

नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघांनी मिळून नाटकांचे पडदे रंगविण्यास आरंभ केला, आणि सुमारे १९१० पासून १९१६ पर्यंत ह्या कामात त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. त्या काळी संगीत नाटके ऐन भरात होती. केशवराव भोसले हे कोल्हापूरचेच, व बाबूरावांच्याच वयाचे. त्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी ह्या दोघा भावांनी पडदे केले, आणि मुंबईच्या गुजराती व पारशी रंगभूमीवरूनही त्यांस मागणी येऊ लागली. पडदा रंगविणे म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांस त्याची कल्पना येणे कठीण. कापड भिंतीएवढे मोठे. त्यावर रस्ता, अरण्य, राजवाडा असे देखावे. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे फराटे दिसावेत, पण शेवटच्या बाकावरील मनुष्यास तो रस्ता खरोखर दूरवर गेलेला भासावा, व दिव्यांच्या उजेडात रंग मरू नये. भिंतीवर टांगावयाच्या लहान चित्रात झालेली चूक एखादे वेळी लपते. येथे ती हजार डोळ्यांसमोर उघडी पडते. शाळेतील परीक्षकाची जागा बाबूरावांच्या बाबतीत पिटातील प्रेक्षकांनी भरून काढली, आणि माझ्या मते हा परीक्षक अधिक कडक होता. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधविले, ते पुढे केशवराव भोसले ह्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. (२०२४ च्या ऑगस्टात ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले.)

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके ह्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट निघाला. त्याने ह्या दोघा भावांस वेडच लावले. फाळके मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले, आणि छायायंत्र आणण्यासाठी ते विलायतेस जाऊन आले होते. मेस्त्रींच्या पोरांना विलायत परवडणारी नव्हती, आणि लवकरच महायुद्ध सुरू झाल्याने परदेशी माल मिळणेही दुर्घट झाले. तेव्हा त्यांनी आपल्या घराण्याच्या रीतीस अनुसरून ठरविले की यंत्र आपणच करावे. आधी त्यांनी चित्रपट दाखविण्याचा धंदा करून पाहिला. असले यंत्र करणे सोपे नव्हे. आतील फीत क्षणभर अगदी निश्चल राहिली पाहिजे, त्या क्षणात तिच्यावर उजेड पडून चित्र उमटले पाहिजे, मग झाकण मिटून फीत तंतोतंत एका चित्राइतकी पुढे सरकली पाहिजे; आणि हे सर्व एका सेकंदात सोळा वेळा किंवा त्याच्या आसपास. एका केसाइतका फरक पडला तरी पडद्यावर चित्र नाचू लागते. हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव मरण पावले. ज्याच्याबरोबर हात टाकला तोच हात गेल्यावर पुष्कळ माणसे काम सोडून देतात. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले नावाचे शिष्य त्यांच्या मदतीस होते. हे दामले मूळ पेणचे, म्हणजे आमच्या पनवेलच्या शेजारचे. गुरुशिष्यांनी १९१८ मध्ये चालते यंत्र सिद्ध केले.

नंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल दिले ते कोल्हापुरातील गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी. दरबाराचेही साहाय्य लाभले. त्या कारखान्यात ब्राह्मण दामले, मुसलमान शेख फत्तेलाल व सुतार बाबूराव एकत्र खपत असत, आणि १९२० मध्ये सैरंध्री हा चित्रपट पुण्यास दाखविण्यात आला. त्या काळी चित्रपटात स्त्रियांची कामे बहुधा पुरुष करीत. येथे ती स्त्रियांनी केली, व त्याबद्दल त्यांना निंदा सोसावी लागली. कीचकवधाचा देखावा इतका खरा वाटला की तो कापावा लागला. पण विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ज्याने सारी उमेद रंगविलेल्या पडद्यांवर घालविली त्यानेच चित्रपटात पडदे टाकून दिले. खऱ्या लाकडाचे दरवाजे, खरे खांब, आत शिरता येईल असे दालन ते उभारू लागले. पडद्यावरील खोटी खोली किती फसवी असते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? आणि खरी उभारावयास वडिलांचा सुतारी हात तयार होताच.

हॉलंडचा प्रसिद्ध चित्रकार रेम्ब्रांट, ज्याची पवित्र शास्त्रातील प्रसंगांची चित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी छापील पाहिली असतील, तो लायडन गावच्या एका गिरणीवाल्याचा मुलगा. त्यानेही पहिला कारखाना आपल्या गावीच काढला. पण १६३१ च्या सुमारास, पंचविशीत, तो अ‍ॅमस्टरडॅमच्या मोठ्या पेठेत गेला. बाबूराव गेले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी सावकारी पाश हा चित्रपट काढला. कर्जापायी जमिनीस मुकून शहरात मजुरीस जाणाऱ्या कुणब्याची ती कथा आहे. त्या कुणब्याचे काम करणारे तरुण शांताराम, दामले, फत्तेलाल हे सर्व १९२९ मध्ये त्यांस सोडून निघाले, त्यांनी प्रभात कंपनी काढली व १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. तेथे त्यांना पैसा व कीर्ती दोन्ही मिळाली. मुंबई किंवा पुणे धरले असते तर बाबूरावांची कंपनी टिकली असती काय? टिकली असती असे मला वाटते. गावाने त्यांस घडविले, आणि गावानेच त्यांस धरूनही ठेवले. कंपनी बंद पडल्यावर ते पुन्हा कुंचल्याकडे व मातीच्या मूर्तींकडे वळले, आणि १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच वारले.