बुरशीची ओळख पटवणारा डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मुलाच्या डोक्यात गजकर्ण उठले की त्याची शाळा बंद व्हायची. उपाय म्हणजे चिमट्याने केस उपटणे. बरे व्हायला वर्ष-दोन वर्षे लागत. सेंट लुई रुग्णालयात तर अशा मुलांसाठी वेगळी शाळाच होती. याच रुग्णालयात डॉ. रेमाँ साबुरो यांनी आयुष्य घालवले.

१८६४ साली नांत येथे जन्मलेले साबुरो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जंतुशास्त्र शिकले. गजकर्ण बुरशीमुळे होते हे डेव्हिड ग्रुबी यांनी १८४०च्या दशकातच दाखवले होते. वैद्यकविश्व ते विसरले. साबुरोंनी तो धागा पुन्हा उचलला. अडचण अशी, की खाद्य बदलले की एकाच बुरशीचे रूप बदलते. कधी कापसासारखी, कधी पिठूळ. मग दोन डॉक्टरांचे निदान जुळणार कसे? त्यांनी एकच खाद्य ठरवले: पाणी, माल्टोज साखर, पेप्टोन आणि अगर. साखर आणि पेप्टोनसुद्धा ठरावीक कारखान्यांचेच हवे, हा त्यांचा हट्ट. तो योग्यच होता.

त्यातून बुरशीचे घर कळू लागले. काही जाती माणसावरच राहतात आणि मुलाकडून मुलाकडे जातात. सूज थोडी, चिवटपणा फार. काही मांजर, घोडा, वासरू यांच्या अंगावरच्या. त्या माणसाला लागल्या की बऱ्याचदा पू होतो, सूज येते, पण पुष्कळदा आजार आपोआप ओसरतो. १९१०च्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात हे सारे आले.

१९०४ मध्ये त्यांनी क्ष-किरणांची मोजलेली मात्रा देऊन केस गळवण्याची पद्धत बसवली. मात्रा मोजायला किरणांनी रंग बदलणारी छोटी चकती वापरत. उपचार तीन महिन्यांवर आला, मुले शाळेत परतली. साबुरो १९३८ मध्ये वारले. पुढे १९५८च्या सुमारास ग्रिसिओफल्विनच्या गोळ्या आल्या आणि किरणोपचार मागे पडला. पण तोवर अनेक देशांत मुलांच्या डोक्यावर किरण दिले गेले होते. त्यांच्यापैकी काहींना मोठेपणी मेंदूच्या गाठी आणि थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे इस्रायलमधील पाहणीत दिसले.

साबुरोंचे अगर मात्र टिकले. माल्टोजऐवजी ग्लुकोज आले एवढेच. आजही त्वचेची खरवड प्रयोगशाळेत गेली की त्यावरच पेरतात आणि बुरशी उगवण्याची दोन ते चार आठवडे वाट पाहतात.