स्नायूंतील ऊर्जेचा माग काढणारे डॉ. सुब्बाराव

जिना धावत चढणारा माणूस वर पोहोचल्यावर धापा टाकू लागतो. श्वास फुलतो तो उशिरा. पण पहिल्या पाच-सात पायऱ्या तर तो एका दमात चढून गेलेला असतो. फुफ्फुसांनी जादा प्राणवायू पुरवण्याआधीच स्नायूंना ही शक्ती कोठून मिळाली? वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील भल्याभल्या शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. हे कोडे उलगडणाऱ्या मोजक्या माणसांत आंध्रातील एका गावातून निघालेला, मॅट्रिकला दोनदा नापास झालेला एक तरुण होता. त्याचे नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. शाळेत मन रमेना. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी घरातून पळ काढला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता. त्यांना वाटेतून परत आणण्यात आले आणि आईने पुन्हा अभ्यासाला बसवले. पुढे वडिलांचे छत्र हरपले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस, मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून उत्तीर्ण झाले.

प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांना रामकृष्ण मिशनचे आकर्षण वाटू लागले. संन्यास घेण्याची इच्छा होती. पण आईची संमती मिळाली नाही. वैद्यक शिकून माणसांची सेवा करावी, या विचाराने त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १९१९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि शिक्षणाच्या खर्चाचा बराचसा भार सासऱ्यांनी उचलला.

खादीची किंमत

तो काळ गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेचा होता. सुब्बाराव यांनी शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा डगला घालण्यास सुरुवात केली. शस्त्रक्रिया विषयाच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बाराव यांना पूर्ण एम.बी.बी.एस. ऐवजी कमी दर्जाची एल.एम.एस. ही पदवी हाती घ्यावी लागली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यामुळे जवळजवळ बंदच झाले. मद्रासमधील डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ स्प्रू म्हणजे संग्रहणीच्या विकाराने अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दगावले. या रोगात आतड्यांतून अन्नरस शोषला जात नाही. रक्त कमी होत जाते आणि रोगी खंगत जातो. त्यावेळच्या वैद्यकाकडे त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. स्वतः सुब्बाराव यांनाही या विकाराने गाठले होते. ते आयुर्वेदिक उपचारांनी बचावले. घरातील माणसे ज्या रोगाने गेली त्याचे मूळ शोधायचे, ही ओढ पुढे आयुष्यभर त्यांच्या मनात राहिली.

१९२० च्या दशकाच्या आरंभी ते बोस्टनला पोहोचले. हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. पोट भरण्यासाठी तेथील एका रुग्णालयात रात्रपाळीला हमालाचे काम केले. रुग्णांची मलमूत्राची भांडी धुतली. पत्नी भारतातच होती. त्यांच्या गैरहजेरीत जन्मलेला मुलगा तान्हेपणीच दगावला; बापलेकाची भेट झालीच नाही. काही वर्षांत परत येण्याचे वचन देऊन गेलेले सुब्बाराव पुन्हा कधीच मायदेशी आले नाहीत.

निळा रंग उशिरा का येतो?

हार्वर्डच्या जीवरसायन विभागात त्यांना सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम मिळाले. रक्त, मूत्र किंवा स्नायूंमध्ये फॉस्फरस किती आहे हे अचूक मोजण्याची सोपी पद्धत तेव्हा हवी होती. नमुन्यात मॉलिब्डेट मिसळायचे, विशिष्ट रसायनाने निळा रंग आणायचा आणि त्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवायचे, अशी पद्धत या दोघांनी बसवली आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. भारतातील जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ती प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवली आहे.

हीच पद्धत ताज्या स्नायूच्या अर्कावर वापरली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. निळा रंग नेहमीप्रमाणे झटकन न येता हळूहळू गडद होत गेला. दुसऱ्या एखाद्याने हा पद्धतीतला दोष समजून सोडून दिला असता. फिस्के आणि सुब्बाराव यांनी त्याचा पिच्छा पुरवला. स्नायूत मोकळे समजले जाणारे बरेचसे फॉस्फेट प्रत्यक्षात दुसऱ्या एका पदार्थाशी बांधलेले होते. चाचणीतील आम्लात ते बंधन सावकाश तुटत होते, म्हणून रंगाला उशीर होत होता. तो दुसरा पदार्थ निघाला क्रिएटिन. दोहोंच्या संयुगाला फॉस्फोक्रिएटिन हे नाव मिळाले.

१९२७ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. स्नायूला विजेचे झटके देऊन राबवले की फॉस्फोक्रिएटिन घटते आणि विश्रांती दिली की ते पुन्हा तयार होते, हेही त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप आणि ग्रेस एगलटन या दांपत्यालाही स्नायूतील या नाजूक फॉस्फेटचा स्वतंत्रपणे सुगावा लागला होता.

या शोधाने मोठी खळबळ उडाली. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ या दोघांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. स्नायूतील ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्यापासून लॅक्टिक आम्ल बनते आणि त्या आम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो, असे त्यावेळी सर्वमान्य झाले होते. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल बनूच नये अशी विषप्रक्रिया स्नायूवर केली. तरीही स्नायू काही काळ काम करीत राहिला. त्यातले फॉस्फोक्रिएटिन मात्र संपत गेले. लॅक्टिक आम्लाचा सिद्धांत मागे पडला. स्नायूशास्त्रात क्रांती झाल्याचे खुद्द हिल यांनी १९३२ मध्ये मोकळ्या मनाने मान्य केले.

शरीराचे रोखीचे चलन

दरम्यान १९२९ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूतून आणखी एक संयुग वेगळे केले. ते म्हणजे अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी. त्याच वर्षी, किंचित आधी, मायरहॉफ यांच्या प्रयोगशाळेतील कार्ल लोमान यांनीही ते प्रसिद्ध केले. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत बहुधा लोमान यांचेच नाव आढळते. हाच पदार्थ पेशींचे ऊर्जेचे चलन आहे, हे १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी सविस्तर मांडले. स्नायू आकुंचन पावताना एटीपीच थेट खर्च होतो याचा निर्णायक प्रायोगिक पुरावा मिळण्यास तर १९६२ साल उजाडले.

जिना चढणाऱ्या माणसाचे कोडे आता सुटते. एटीपीच्या रेणूला फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात. शेवटचा गट सुटतो तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकवते. मात्र हा साठा फार थोडा असतो. पूर्ण जोराने धावल्यास तो एक-दोन सेकंदांत संपावा. येथे फॉस्फोक्रिएटिन धावून येते. आपला फॉस्फेट गट देऊन ते खर्च झालेल्या एटीपीची तत्काळ भरपाई करते. या दोघांच्या बळावर सुमारे दहा सेकंदांचा जोरकस श्रम निभावतो. शंभर मीटरच्या धावपटूची किंवा वजन उचलणाऱ्या मल्लाची मोठी भिस्त याच साठ्यावर असते.

त्यापुढे प्राणवायूविना साखर फोडणारी यंत्रणा अधिक भार उचलते आणि त्यातून लॅक्टेट बनते. साधारण एक ते दोन मिनिटांनंतर प्राणवायूच्या साह्याने पिष्ट आणि चरबी यांचे ज्वलन करणारी यंत्रणा मुख्य ठरते. मॅरेथॉन धावली जाते ती तिच्या जोरावर. या तिन्ही यंत्रणा एकापाठोपाठ एक सुरू होतात असे मात्र नव्हे. त्या एकदमच सुरू होतात, कालांतराने बदलतो तो त्यांचा वाटा. ज्या लॅक्टेटला अनेक वर्षे केवळ थकव्याचे कारण आणि टाकाऊ पदार्थ मानले गेले, ते हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, हेही आता स्पष्ट झाले आहे.

शरीरात एका वेळी असलेला एटीपी साधारण शंभर ग्रॅमच्याही आतच भरतो. तोच पुन:पुन्हा तुटतो आणि जुळतो. दिवसभरातील ही उलाढाल मोजली तर ती आपल्या वजनाच्या जवळपास जाते. दोन जोरकस प्रयत्नांमध्ये तीन ते पाच मिनिटे विश्रांती घेण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात, त्यामागेही फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुन्हा भरून येण्यास लागणारा हाच वेळ आहे. आज व्यायामशाळांत डब्यांतून विकली जाणारी क्रिएटिनची भुकटीही हा साठा वाढवण्यासाठीच घेतली जाते.

हार्वर्डला रामराम

एवढे काम होऊनही सुब्बाराव यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. १९३० मध्ये त्यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली, पण कायमचे अध्यापकपद मिळाले नाही. स्वभाव भिडस्त, श्रेयासाठी भांडणे त्यांना जमत नसे. सुब्बाराव यांचे काही काम फिस्के यांनी मत्सरापोटी प्रकाशात येऊ दिले नाही आणि ते पुढे इतरांना नव्याने शोधावे लागले, असे नोबेल विजेते जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर नमूद केले. परकेपणाचाही जाच होताच. भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व देणारा कायदा १९४६ पर्यंत नव्हता.

१९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधन विभागाचे संचालक झाले. हार्वर्डपासूनच ते यकृताच्या अर्कात रक्त वाढवणारे द्रव्य शोधत होते. लेडर्लीत त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले.

या शोधाची एक कडी मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ पासून काही वर्षे लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत कापड गिरण्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य म्हणजेच हे फॉलिक आम्ल. संग्रहणीच्या रोग्यांनाही ते लागू पडले. सुब्बाराव यांच्या भावांना जाऊन तोवर दोन तपांहून अधिक काळ लोटला होता.

फॉलिक आम्लासारखीच दिसणारी, पण त्याच्या कार्यात अडथळा आणणारी संयुगेही लेडर्लीत तयार झाली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालातील १६ मुलांपैकी १० मुलांचा आजार काही काळ माघारला होता. तो दिलासा तात्पुरता असला तरी औषधाने हा कर्करोग हटू शकतो, हे प्रथमच दिसले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट कर्करोगावर आणि संधिवातावर आजही वापरले जाते.

हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामाझिन हे औषधही १९४७ मध्ये लेडर्लीतूनच पुढे आले. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त भागांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी वाटलेल्या डीईसीच्या गोळ्या त्या याच. बेंजामिन डग्गर या वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतील जंतूंपासून शोधलेले ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविकही सुब्बाराव यांच्याच कारकिर्दीतले. १९९४ मध्ये बीड आणि सुरत येथे प्लेगची साथ आली तेव्हा औषधांच्या दुकानांतून पाहता पाहता संपलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल याच घराण्यातील होत्या.

ऑरिओमायसिनची घोषणा १९४८ च्या उन्हाळ्यात झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे झोपेतच हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ५३. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते.

१९५३ मध्ये एका बुरशीला ‘सुब्बारोमायसिस’ हे नाव देण्यात आले आणि १९९५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. नोबेल त्यांच्या वाट्याला आले नाही. गरोदर महिलेला आरोग्य केंद्रात मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी मात्र आजही देशभर वाटली जाते. ती घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर हे नाव गेलेले असेल.