रॅकेट कुणासाठी?

कॉलेजात सुटलेलं टेनिस पुन्हा सुरू करावं म्हणून परभणीत रॅकेट घ्यायला गेले. मुलासाठी हवी की मुलीसाठी, असं दुकानदारानं विचारलं. माझ्यासाठी, हे सांगताना जीभ अडखळली. बचतगटातल्या बायकांना मीच नेहमी सांगते, स्वतःसाठी वेळ काढा म्हणून! तेव्हा आठवल्या पंडिता क्षमा राव.

त्यांचा जन्म १८९० चा, पुण्याचा. वडील शंकर पांडुरंग पंडित संस्कृतचे मोठे विद्वान, पण क्षमाबाई चार वर्षांच्याही नव्हत्या तेव्हाच ते गेले. पुढे डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झालं, मुंबईत संसार सुरू झाला. १९११ मध्ये लेक झाली, लीला. बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. तिशी ओलांडल्यावरही त्या टेनिस खेळत होत्या, स्पर्धांत उतरत होत्या. रॅकेट तेव्हा लाकडी, आजच्या मानानं चांगलीच जड.

चाळिशीत त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृत काव्य रचलं. १९३२ मध्ये ते थेट पॅरिसहून छापून निघालं. पुढे ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची चरित्रंही त्यांनी संस्कृतात लिहिली. लेकीनंही रॅकेट उचलली होती. १९३४ मध्ये लीलानं विम्बल्डनला सामना जिंकला, असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९५४ मध्ये क्षमाबाई गेल्या.

शेवटी मी वजनाला हलकी, मोठ्या तोंडाची रॅकेट निवडली. कोपराला हिसका बसू नये म्हणून तारा जरा सैल ठेवायला लावल्या. आणि दुकानदाराला न अडखळता सांगितलं, माझ्यासाठीच हवी आहे.