फ्रँक हॉर्नबी : मेकॅनोवाला बाबा आणि मॉडेल रेल्वेतले खरे वाटणारे पाइप

उलव्यात राहणाऱ्यांना खारकोपर स्टेशन नवीन नाही. २०१८ मध्ये लोकल इथवर आली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुढे उरणपर्यंत धावू लागली. समजा, हाच मार्ग तुम्हाला घरी टेबलावर छोट्या रूपात उभा करायचा आहे. रूळ आणि इंजिन विकत मिळेल. पण न्हावा शेवा बंदराजवळच्या तेल-रसायनांच्या टाक्या आणि त्यांना जोडणारे पाइप कसे करणार? नुसत्या नळ्या चिकटवल्या तर ते खोटे दिसतात. असं का होतं, ते एका माणसाच्या आयुष्यातून छान कळतं. त्याचं नाव फ्रँक हॉर्नबी.

पाच पौंडांचं कर्ज

हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे तो मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचा. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नव्हती.

१८९९ च्या सुमारास तो आपल्या मुलांसाठी पत्रा कापून क्रेन, पूल, गाड्या बनवू लागला. अडचण एकच होती. क्रेनचा तुकडा पुलाला बसायचा नाही, त्यामुळे प्रत्येक खेळण्यासाठी नव्याने कापाकापी. मग त्याला सुचलं की सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या ठेवायच्या आणि दर अर्ध्या इंचावर भोक पाडायचं. आता कोणताही तुकडा कुठेही नट-बोल्टने बसत होता!

१९०१ मध्ये पेटंटच्या अर्जासाठी त्याने मालकाकडूनच पाच पौंड उसने घेतले. मालक डेव्हिड इलियट भागीदारही झाला. पण पहिली काही वर्षं नफाच नाही. तो दिसायला १९०६ उजाडलं. १९०७ मध्ये खेळण्याला मेकॅनो हे नाव मिळालं आणि हॉर्नबीने नोकरी सोडली. वय चव्वेचाळीस, घरी बायको-मुलं. पुढच्याच वर्षी कंपनी स्थापन झाली, तेव्हा इलियट बाजूला झाला. आता सगळी जोखीम एकट्या हॉर्नबीची होती. ती फळली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर त्याचा मोठा कारखाना उभा राहिला.

रेल्वे, तीही खोलता येणारी

पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये खेळण्यातल्या रेल्वेच्या बाजारात जर्मन कंपन्यांचा जोर होता. १९२० मध्ये हॉर्नबीने चावीची रेल्वे आणली. तिचे भागही नट-बोल्टने जोडलेले, म्हणजे मुलांना खोलून परत जोडता यायचे. १९२५ मध्ये विजेवरची आली. सोबत स्टेशनं, सिग्नल आणि टँकर वॅगनही होत्या. १९३१ पासून स्टेशनवरची छोटी माणसं निघाली आणि त्याच मालिकेतून पुढे डिंकी गाड्या जन्मल्या. एकट्या इंजिनाने रेल्वे खरी वाटत नाही, आजूबाजूचं जगही लागतं.

१९३१ मध्येच तो खासदार झाला. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचं निधन झालं. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, पण हॉर्नबी हे नाव आजही मॉडेल रेल्वेवर दिसतं.

मग पाइपांचं काय?

खरी पाइपलाइन म्हणजे एक मोठा मेकॅनोच असतो. सरळ पाइप, एल्बो, टी, व्हॉल्व्ह आणि फ्लँज म्हणजे बोल्टची भोकं असलेली चकती. एका मापाच्या आणि एका दाबासाठीच्या फ्लँजची भोकं ठरलेली असतात, म्हणून वेगवेगळ्या कारखान्यांतले भाग एकमेकांना बसतात. मॉडेलमध्ये हे जोड दाखवले नाहीत, तर पाइप हा पाइप न वाटता स्ट्रॉ वाटतो.

सोप्या टिप्स :

- माप : एचओ स्केल म्हणजे १:८७. बॉलपेनची रिकामी रिफिल साधारण ३ मिमी जाड असते, म्हणजे खऱ्या जगात सुमारे २६ सेंमीचा पाइप.
- जोड : व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाची साधारण ५ मिमीची चकती लावा. झाला फ्लँज.
- वाट : पाइप टाकीतून निघून पंपातून वॅगन भरण्याच्या जागेपर्यंत पोहोचला पाहिजे. मध्येच हरवायला नको.
- आधार : पाइप हवेत तरंगत नाही. ठरावीक अंतरावर खाली टेकू द्या.
- रंग : भारतीय मानकानुसार पाण्याच्या पाइपला समुद्री हिरवा आणि हवेच्या पाइपला आकाशी रंग देतात.

झालं की फोन रुळाच्या पातळीवर धरून फोटो काढा. कुठला पाइप अधांतरी राहिलाय ते लगेच दिसेल.

आणि पुण्याला गेलात तर कोथरूडमधलं, १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय नक्की बघा. हॉर्नबीकडेही सुरुवातीला पत्रा, कात्री आणि दोन उत्सुक मुलं एवढंच होतं. तुमच्याकडे निदान रिफिल तरी आहे!