जादू हातात नाही, खुर्चीत

गॅदरिंगला संमोहनाचा शो असला की मालेगाव काय नि वाशीम काय, पोरं हमखास गर्दी करतात. स्टेजवरचा माणूस हात फिरवतो, खुर्चीतला डोलायला लागतो आणि आपल्याला वाटतं, याच्या नजरेत काहीतरी पॉवर आहे. नेमका हाच समज दोनशे वर्षांपूर्वी एका गोवेकराने थेट पॅरिसमध्ये खोडून काढला. आबे फारिया त्याचं नाव.

जन्म १७५६ चा, कांदोळीचा. आईवडिलांचं पटलं नाही. आई नन झाली, वडील पाद्री. १७७१ मध्ये वडील त्याला घेऊन लिस्बनला गेले. पुढे रोममध्ये शिकून तोही पाद्री झाला. एक किस्सा गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभं राहिल्यावर त्याची बोबडीच वळली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं, की समोर सगळी भाजी बसलीय, काप. भीती पळाली! किस्सा खरा असो की रचलेला, एका वाक्याने माणूस आतून बदलतो, हे त्यात आहेच.

त्या काळी युरोपात मेस्मर या डॉक्टरचा सिद्धांत गाजत होता : उपचार करणाऱ्याच्या अंगातून चुंबकी प्रवाह रोग्यात जातो. फारियाने १८१३ मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेश पाच फ्रँक. नुसतं लेक्चर नाही, प्रात्यक्षिक. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून झोपेचा विचार करायला लावायचा आणि मग एकदम झोपायचा हुकूम सोडायचा. काही झोपत, काही टक्क जागे! हुकूम देणारा तोच, मग फरक कशाचा? बसणाऱ्याच्या मनाचा, हे त्याचं उत्तर.

१८१६ मध्ये एका नटाने तिथे झोपेचं सोंग घेतलं आणि डोळे उघडून त्याची टर उडवली. वर त्याच्यावर प्रहसनही आलं. फारियाचं नाव गेलं ते गेलंच. १८१९ मध्ये पुस्तक छापलं गेलं आणि त्याच वर्षी तो वारला. कबरीचाही पत्ता नाही.

कित्येक दशकांनी फ्रान्समधल्या नान्सीच्या बर्नहाइम या डॉक्टरने सूचनेवर आधारलेल्या उपचाराचं श्रेय त्याला दिलं. आज संमोहन-उपचार शिकणारे एकमेकांवर सराव करतात, स्वतःही खुर्चीत बसतात.

पणजीला मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, १९४५ चा. आडव्या झालेल्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा. गंमत बघा, हातात पॉवर नाही म्हणून आयुष्यभर भांडलेल्या माणसाचे हातच तिथे आधी नजरेत भरतात.