अजिंठ्याची चित्रे उतरविणारे मेजर गिल

भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकजणी अजिंठ्याची लेणी पाहून आल्या असतील. हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आपण डोळे भरून पाहतो आणि परततो. पण ही चित्रे कापडावर उतरविण्यात ज्याने उभे आयुष्य वेचले, त्या गृहस्थाची आठवण फारशी कोणी काढीत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. त्यांचे चरित्र माझ्या साध्या शब्दांत सांगते, गोड मानून घ्यावे.

रॉबर्ट गिल यांचा जन्म लंडन शहरी सन १८०४ मध्ये झाला. तरुणपणीच ते कंपनी सरकारच्या मद्रासच्या पलटणीत दाखल झाले. पेशा शिपायाचा, पण हात चित्रकाराचा.

अजिंठ्याची लेणी शेकडो वर्षे रानात दडून होती. सन १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या एका इंग्रज अंमलदाराच्या दृष्टीस ती पडली. पुढे जाणत्या लोकांनी कंपनी सरकारला कळविले की, भिंतींवरची चित्रे झडत आहेत, ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. सन १८४४ मध्ये हे काम गिल यांच्याकडे आले. दुसऱ्या वर्षी ते अजिंठ्यास पोहोचले आणि गावातल्या बारादरीत राहू लागले. त्या वेळी हा मुलूख निजामाचा होता.

काम सोपे नव्हते. वाघांचे रान, लेण्यांत अंधार, वटवाघळांची घाण आणि वर मधमाश्यांची मोहळे. चित्रांखालचा गिलावा म्हणजे आपल्या घरच्या भिंतींसारखाच. माती, भाताचा भुसा, काड्यांचा चुरा असे मळून लिंपलेला आणि त्यावर चुन्याचा हात दिलेला. दीड-दोन हजार वर्षांत त्याचे पोपडे सुटले होते. गिल मोठमोठे कापड ताणून त्यावर तैलरंगांनी चित्रे उतरवीत आणि तयार झाली की विलायतेस पाठवीत. असे एक-दोन नव्हे, कितीतरी वर्षे चालले.

अजिंठ्यातच त्यांना पारो भेटली. ती तिथलीच बाई. २३ मे १८५६ रोजी ती वारली. गिल यांनी अजिंठा गावात तिची कबर बांधली आणि दगडावर तिचे नाव व तारीख कोरून ठेवली. गरिबाघरच्या बाईचे नाव त्या काळी कोण लिहून ठेवी? त्या दगडामुळेच पारो आज आपल्याला ठाऊक आहे. पुढे ना. धों. महानोर यांनी तिच्यावर ‘अजिंठा’ हे काव्य लिहिले आणि सन २०१२ मध्ये त्याच नावाचा बोलपटही निघाला.

आता खरा घाला ऐका. गिल यांची चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या महालात मांडली होती. सन १८६६ च्या डिसेंबरात त्या महालास आग लागली आणि वीस वर्षांच्या कष्टांची राख झाली. मोजकी चार-पाच चित्रे वाचली.

असाच प्रसंग दुसऱ्या एका चित्रकारावर आधी आला होता. फ्रेडरिक कॅथरवुड हाही लंडनचाच. अमेरिकेच्या जंगलात माया नावाच्या प्राचीन लोकांची नगरे होती. त्यांच्या दगडांवर चित्रलिपी आणि कालगणना कोरलेली होती. वीस दिवसांचा महिना, असे अठरा महिने आणि वर पाच दिवस, असे त्यांचे वर्ष. कॅथरवुडने सन १८३९ पासून ही शिल्पे कागदावर उतरविली. सन १८४२ मध्ये न्यूयॉर्क येथील आगीत त्यातली बरीच चित्रे जळाली, पण छापून निघालेल्या पुस्तकांतली तेवढी राहिली. पुढे मेक्सिकोच्या चित्रकारांनी आपल्या प्राचीन लोकांच्या कलेवरून नव्या भिंती रंगविल्या.

गिल त्या वेळी साठी ओलांडलेले होते. दुसरा कोणी हाय खाऊन बसला असता. त्यांनी मात्र पुन्हा काम हाती घेतले. मधल्या काळात ते छायाचित्रेही काढू लागले होते. आपल्या वऱ्हाडातल्या लोणारच्या देवळाचीही त्यांनी छायाचित्रे काढली. सन १८७९ मध्ये आजारपणात भुसावळ येथे त्यांचा अंत झाला. पारो अजिंठ्यात आणि ते भुसावळला, असे दोघे दूर दूर विसावले आहेत.

त्यांचे काम मात्र वाया गेले नाही. सन १८७२ पासून ग्रिफिथ्स साहेबांनी मुंबईच्या कलाशाळेतले आपले विद्यार्थी अजिंठ्यास नेऊन नकला करविल्या. पुढे नंदलाल बोस तेथे येऊन शिकले, आणि त्यांनीच शिष्यांसह आपल्या राज्यघटनेची पाने सजविली. मूळ भिंतींवरून झडून गेलेला काही भाग तर आज गिल यांच्या वाचलेल्या चित्रांतच पाहावयास मिळतो.

माझ्या सासूबाई नागपंचमीला भिंतीवर नाग काढीत. पुढे भिंत सारवली की तो पुसला जाई. लहानपणी माझी मुलगी त्यावर रडायची. सासूबाई म्हणत, पुढच्या वर्षी पुन्हा काढू. गिल साहेबांचे चरित्र वाचताना मला त्यांचीच आठवण झाली. आपल्या मंडळाचे कामही कधी मोडेल, कधी पुसले जाईल. त्या वेळी हात न आखडता पुन्हा आरंभ करावा, एवढेच या चरित्रापासून घ्यावे.